तुझ्या गच्चीवरचं ग्रहण

विशाखा,

काल चंद्र दिसला. सलग नाही, ढगांच्या मधून मधून, पण दिसला. हे आधीच सांगून टाकते, कारण तू पहिला प्रश्न तोच विचारला असतास आणि उत्तर मिळेपर्यंत दुसरं काही ऐकून घेतलं नसतंस. पौर्णिमा जवळ आली की तुझा फोन यायचा. कशी आहेस, काय चाललंय, असलं काही नाही, थेट, "तुझ्याकडे आभाळ कसं आहे?" बोरिवलीचं आभाळ माझ्या ताब्यात असल्यासारखी तू मला जाब विचारायचीस. ढग आहेत म्हटलं की वर माझ्यावरच चिडायचीस.

काल फोन येणार नव्हता, हे मला माहीत होतं. तरी दिवसभर तो हाताशी ठेवला होता. दुपारी पाऊस पडून गेला, जरा उघडलं, पुन्हा सगळं काळं झालं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून नॅशनल पार्कच्या डोंगराकडे बघून मोठ्याने म्हणाले, "आमच्याकडे वाट लागलीये. तुझ्याकडे?" बोलून गेले आणि मग माझी मलाच भीती वाटली. कारण मी उत्तरासाठी थांबले होते.

तू गेल्यापासूनची एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. त्या डोंगराच्या अलीकडे मी आणि पलीकडे मुलुंडला तू, असे आपण इतकी वर्षं राहिलो. चंद्र आधी तुझ्याकडे उगवतो, मग डोंगर चढून माझ्याकडे येतो. तू असताना ह्याचं मला कधी काही वाटलं नाही. तू गेल्यावर नारळी पौर्णिमेला तो डोंगरावर आला आणि माझ्या मनात आलं, हा तुझ्या गच्चीवरून होऊन आलाय. तिथे कुणी उभं आहे का, हे ह्याने पाहिलंय. मी पडदा ओढून घेतला आणि हॉलमधला दिवा लावून बसले. तू हसशील. तुझा भुताखेतांवर विश्वास नव्हता. मला तर वाटतं, म्हणूनच भीती जास्त आहे. तू आलीस तर पांढरी साडी नेसून, केस सोडून येणार नाहीस. पाण्याच्या टाकीमागे उभी राहून चिवडा खाशील.

डोंगरावरून आठवलं. काही वर्षांपूर्वीचं, जानेवारीतलं ते खग्रास ग्रहण, चंद्र उगवतानाच ग्रासलेला होता ते. तुमच्या बिल्डिंगपेक्षा आमची गच्ची उंच आहे म्हणून मीच फुशारकी मारली आणि तू अंधेरीच्या ऑफिसातून घरी न जाता माझ्याबरोबर बोरिवलीला आलीस. खांद्याला दुर्बीण, पिशवीत चिवडा. आपण दोघी गच्चीवर पूर्वेकडे तोंड करून उभ्या, आणि समोर डोंगर. अख्खा जन्म ह्या डोंगराच्या दोन बाजूंना काढलेल्या आपण, उगवता चंद्र बघायचा तर डोंगर आड येईल हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही. तेवढ्यात मुलुंडहून मिलिंदचा फोन. "काय मस्त लाल दिसतोय गं! तुम्हाला दिसतोय ना?" तू त्याला काय म्हणालीस ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवऱ्याने नुसतं गच्चीवर जाऊन जे फुकटात पाहिलं, ते सोडून तू डोंगर बघायला आली होतीस.

अर्ध्या तासाने तो डोंगराच्या कडेवरून वर आला, मळकट तांबडा, आणि तू बोलायची थांबलीस. तुला तसं गप्प झालेलं मी फार कमी वेळा पाहिलं. मग तू वर्तमानपत्राच्या पुडीतला चिवडा काढलास आणि चंद्राकडे बघत खायला लागलीस. खाली आमच्या घरात माझ्या आईने सकाळपासून वेध पाळले होते. पाण्यावर, दुधावर तुळशीची पानं ठेवली होती आणि ती खिडक्या लावून आत जप करत बसली होती. मी दोन्हीच्या मध्ये. मी चिवडाही खाल्ला नाही आणि जपही केला नाही.

तेव्हा तू मला तुझ्या आजीबद्दल सांगितलंस. गावाकडे ग्रहण सुटलं की तुझी आजी पदराची झोळी करून घरोघर फिरायची, "दे दान, सुटे गिऱ्हाण" ओरडत. जुनं धान्य, जुनं लुगडं, जे कुणी दारातून टाकेल ते. तुझ्या बाबांना लहानपणी तिच्याबरोबर जावं लागायचं. मग तुमचं घर बौद्ध झालं आणि बाबांनी ती झोळी कायमची बंद केली. मुलुंडला आल्यावर दर ग्रहणाला ते तुम्हा पोरांना गच्चीवर न्यायचे आणि मुद्दाम खायला द्यायचे. "आमच्याकडे ग्रहण म्हणजे पिकनिक," तू म्हणालीस. आणि पुढे म्हणालीस, "पण आजीने ग्रहण कधी बघितलंच नाही गं. ती सुटायची वाट बघायची. सुटलं की पळायची. वर बघायला तिला टाइम कुठे होता?" मी म्हटलं, माझ्या आईनेही नाही बघितलं. ती आतच बसते. तू दुर्बीण डोळ्यांवरून काढून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "मग काकूंना वर आणू या ना." मी म्हटलं, ती मेली तरी येणार नाही.

ग्रहण सुटलं तेव्हा जेवायची वेळ उलटून गेली होती. मी आंघोळीला गेले, कारण आईने बाथरूमच्या दाराशी बादली भरून ठेवली होती आणि त्या घरात त्या बादलीला नाही म्हणायची माझी छाती नव्हती. तुला उशीर होत होता, तू निघालीस. मी बाहेर आले तेव्हा आई देवापुढे समाधानाने बसलेली होती. ती म्हणाली, "दान सत्पात्री गेला गो."

तिने सुपात तांदूळ, नारळ आणि एक चांगली वापरलेली साडी काढून ठेवली होती. पूर्वी आमच्या गल्लीत मागायला यायचे. आता गेटवर वॉचमन असतो, कोण येणार? आणि काढलेलं दान घरात राहू द्यायचं नसतं. दारात तू चपला घालत होतीस. आईने ते सगळं पिशवीत भरून तुझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "घेवन जा गो ह्या. आता मागूक कोण येणत नाय. तुमच्यातच देतत ना ह्या?"

हे तिनेच मला सांगितलं. जसंच्या तसं, काही लपवावं असं त्यात आहे हे न कळून. तुझ्यावर तिचा जीव होता, तुला माहीत आहे. तू येणार म्हटलं की तुला आवडायच्या म्हणून तिसऱ्यांच्या शिंपल्या ती स्वतः बाजारातून निवडून आणायची. त्या दिवशीही तिने तिच्या मते चांगलीच गोष्ट केली होती. आणि मी तिच्यावर तुटून पडले. आयुष्यात पहिल्यांदा मी आईला तसं बोलले. तुला काही लाज आहे का, इथपर्यंत गेले. तिने सूप उचलून भिंतीला टेकवून ठेवलं आणि आत जाऊन झोपली. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तुझ्या टेबलासमोर बसून मी तुझी माफी मागायला लागले. तू हात झटकलास. "अगं सोड ना यार. काकूंशी बघते मी."

मी म्हटलं, "तू काही बघू नकोस. मी चांगलं सुनावलंय तिला."

तू हातातलं काम खाली ठेवलंस. "काय सुनावलंस?"

मी सांगितलं. मला वाटलं होतं तुला बरं वाटेल. तू मला नेहमी माधे म्हणायचीस. त्या दिवशी पूर्ण नावाने बोललीस.

"माधुरी, त्यांनी पिशवी मला दिली होती. तुला नाही. बोलायचं ते मी बोलणार होते."

"तू बोलली असतीस का पण?"

"बोलले असते, नाहीतर नसते बोलले. माझं मी ठरवलं असतं. तू तुझ्या घरात तुझ्या आईला झापलंस आणि मी कोण झाले त्यात? बिचारी. तू मला बिचारी केलंस."

मी म्हटलं, जिला लागलं तिनेच परत तोंडही उघडायचं, हे कसलं काम तिच्या गळ्यात? घरातल्याची चूक घरातल्याने दाखवायला नको? तू म्हणालीस, "काम नाही गं. हक्क आहे माझा तो." आणि कँटीनला निघून गेलीस, मला न घेता.

हे भांडण आपण पुढे कितीदा भांडलो. वडापाव खाताना, बसच्या रांगेत, तुझ्या मुलीच्या लग्नाच्या साड्या बघताना. दुकानदार बिचारा साडी उलगडून उभा आणि तू मला म्हणतेस, "तेव्हा तू गप्प बसली असतीस ना..." मी कधी हरले नाही आणि तूही नाहीस. आता तू नाहीस म्हणून मी माझं म्हणणं सोडणार नाही, असं मी तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीही मनात म्हटलं. तुझ्या फोटोपुढे मेणबत्ती लावताना माणसाने असलं काही म्हणू नये. पण तू फोटोतही तशीच बघत होतीस, आता बोल, अशी.

आईचं मात्र त्यानंतर बिनसलं ते बिनसलंच. तुझ्याशी नाही, स्वतःशी. तू घरी आलीस की ती सोलकढी करायची, मासे तळायची, टेबलावर मांडायची आणि आत जायची. तू हाक मारायचीस, "काकू, बाहेर या ना." आतून आवाज यायचा, "इलंय हां." ती यायची नाही. तुझ्यासाठी डबा भरून माझ्या हातात द्यायची. तू तो घ्यायचीस आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहायचीस. मग तुझं येणंही कमी झालं. माझ्या घरातली एक खोली माझ्या डोळ्यांदेखत बंद झाली आणि ती कुणी बंद केली ह्यावर आपण दोघी वाद घालत राहिलो.

आणि मग ह्या पावसाळ्यातला तुझा शेवटचा फोन. शेवटचा आहे हे माहीत असतं तर मी दुधाकडे बघत बोलले नसते. तू म्हणालीस, "विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ग्रहण आहे. ढग असणार, पण बघू. ह्या वेळी माझ्या गच्चीवर. तुझा तो डोंगर नको. आणि काकूंना आण."

"ती नाही येणार."

"तू नुसती विचार. मला बोलायचंय त्यांच्याशी."

"काय बोलायचंय?"

"तुला कशाला सांगू? तू परत मध्ये पडशील." आणि तू हसलीस. दूध उतू जात होतं, मी फोन ठेवला.

आईला विचारायचं मी पुढे ढकललं. गणपती होऊ देत, मग बघू, म्हटलं. तेवढ्यात तुझा ताप, हॉस्पिटल, काचेपलीकडून दिसलेली तू. मिलिंद म्हणाला, ती बोलत नाहीये, पण ऐकू येत असेल. मला आत सोडलं तेव्हा मी तुझ्या कानाशी वाकले. मी म्हटलं, "आज आभाळ साफ आहे." बाहेर धो धो पाऊस पडत होता.

तेव्हापासून तुझं ते वाक्य माझ्या मागे लागलंय. मला बोलायचंय त्यांच्याशी. भांडी घासताना, लिफ्टची वाट बघताना, झोप लागता लागता. काय बोलायचं होतं? तू तिला माफ करणार होतीस? की इतकी वर्षं राखून ठेवलेलं सगळं ऐकवणार होतीस? माझ्याबद्दल काही होतं का? तुझा आवाज वाक्याच्या सुरुवातीपर्यंत येतो आणि तिथे थांबतो. मी पुढचं ऐकायला अंथरुणात उठून बसते. वेड लागल्यासारखं झालंय मला.

शेवटी गणपतीत मी आईला सांगितलं. विशाखाने तुला ग्रहणाला बोलावलं होतं, तुझ्याशी तिला काही बोलायचं होतं. आई निवडत असलेली भाजी निवडत राहिली. तुझ्या पुण्यानुमोदनालाही ती आली नव्हती, गुडघे दुखतात म्हणाली होती. मी पुन्हा विषय काढला नाही.

काल दुपारी वेध लागले. आईने रोजच्यासारखी... नाही, दर ग्रहणाला करते तशी तुळशीची पानं खुडून आणली. संध्याकाळी मी एकटीच निघायला लागले तर ती बाहेरची साडी नेसून सोफ्यावर बसलेली. "चल," म्हणाली. मी म्हटलं, "ग्रहण उघड्यावर बघावं लागेल, आई. गच्चीवर." ती म्हणाली, "तिणा गच्चीरच बोलवल्यान ना? मगे?" गाडीत मुलुंडपर्यंत ती काचेतून बाहेर बघत होती आणि मी ढगांकडे. तू गेल्यावर पहिल्यांदाच मी कशासाठी तरी इतक्या मनापासून प्रार्थना केली. आभाळ उघडू दे. आईने ऐंशीच्या घरात येऊन पहिल्यांदा मान वर केली आणि वर नुसते ढग असले, तर मी कुणाला काय सांगणार होते?

मिलिंदने गच्चीचं दार उघडून दिलं, आईसाठी खुर्ची आणली, तुझी दुर्बीण माझ्या हातात दिली. तो थांबला नाही. तुझ्या जागेकडे बघून त्याला थांबता येईना. आम्ही दोघीच राहिलो. कठड्यापलीकडे खाडीकडचे दिवे, वर सगळं बंद. तुझी टाकी तिथेच होती. मी दोनदा तिच्यामागे जाऊन बघून आले. आईने विचारलं नाही, कशाला गेलीस.

मग ढग फाटले. चंद्राची एक कड खाल्लेली होती. बघता बघता ती वाढत गेली, मध्ये ढग आले, गेले, आणि पुन्हा दिसला तेव्हा तो जवळजवळ सगळा काळवंडून आतून तांबूस व्हायला लागला होता. आई दुर्बीण नको म्हणाली. नुसत्या डोळ्यांनी बघत राहिली, तोंड उघडं टाकून. खूप वेळाने म्हणाली, "ह्येका भियालंय मी इतकी वर्सां?"

मी तिचा खांदा धरला. म्हटलं, विशाखाला तू वर यायला हवी होतीस. ती त्या जानेवारीतल्या ग्रहणाच्या दिवशीच म्हणाली होती. आईने माझा हात काढला. रागाने नाही.

"माज्या हातसून चूक झाली ती तिच्यासमोर," ती म्हणाली. "तू माका बोललंस. ती बोलूक व्हयी होती. तिचा बोलणा मी खाल्लंच नाय."

"मग तू तिची माफी मागायची होतीस ना, आई. इतक्या वेळा ती घरी आली."

"काय मागू? सगळा तू आधीच बोलून टाकलंस. आमका दोघींका काय ठेवलंस?"

विशाखा, इतकी वर्षं जे तू मला पटवू शकली नाहीस, ते तिने दोन वाक्यांत सांगितलं. मी तिथे उभी राहून भांडायला शब्द शोधले, आणि नव्हते. हरले मी. तू समोर असतीस तर पुढची चार वर्षं मला ह्यावरून जगू दिलं नसतंस. तुझ्या टोमण्यांसाठी मी काल गच्चीवर जितकी रडले तितकी हॉस्पिटलच्या दारातही रडले नव्हते.

आई खुर्चीवरून उठली, कठड्याला धरून उभी राहिली. "तू जरा थंय जा," म्हणाली.

"कशाला?"

"जा म्हणतंय ना."

मी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथून डोंगराची मागची बाजू दिसते. तुझ्याकडून तो कसा दिसतो हे मी कधी रात्री बघितलंच नव्हतं. नुसता काळा, त्याच्यामागे बोरिवली आहे असं कुणी सांगितलं तरी खरं वाटू नये. माझ्या पाठीमागे आई बोलायला लागली. हळू, आपल्या मालवणीत. शब्द कळत नव्हते, आवाज तेवढा येत होता. एकदा तो रडवेला झाला, एकदा ती चक्क हसली. आणि मधून मधून ती थांबत होती. समोरचं माणूस बोलत असलं की आपण थांबतो, तितकी. मग "होय" म्हणत होती, आणि पुन्हा बोलत होती.

माझ्या मानेवर काटा आला. वळून बघावं असं इतकं वाटलं की मी कठडा दोन्ही हातांनी धरून ठेवला. ढग परत आले, चंद्र गेला, सगळीकडे अंधार झाला, तरी तुमचं चाललंच होतं. परतताना गाडीत आई शांत झोपली. काय बोलणं झालं ते मी तिला विचारलेलं नाही, आणि विचारणार नाही.